खुर्ची नेमकी कुठे मोडते?

हॉस्टेलच्या मागे सायकल स्टँडच्या पलीकडे मोडक्या खुर्च्यांचा जो ढीग पडलाय, तो आपण सगळेच रोज बघतो. आंघोळीला नंबर लागेपर्यंत कोणी त्यावर टॉवेल वाळत घालतं, कोणी त्यातलीच एखादी ओढून आणून तिला वायरने बांधतं आणि परीक्षेपुरती चालवून घेतं. या ढिगाकडे एकदा नीट बघा. त्यातल्या लाकडी खुर्च्या जवळजवळ सगळ्या एकाच ठिकाणी मोडल्यात. मागचा पाय आणि बैठकीची बाजूची पट्टी जिथे मिळतात, तिथे. पाय शाबूत, पाठ शाबूत, बैठकीची फळीसुद्धा शाबूत; गेलाय तो फक्त सांधा.

असं का? वॉर्डन सरांचं उत्तर ठरलेलं आहे, "पोरं मागच्या दोन पायांवर झुलतात म्हणून!" ते खरंही आहे. पण आपण इंजिनियरिंगला आहोत, तेव्हा थोडा हिशेब करू. पासष्ट किलोचा मुलगा (मेसचं जेवण खाऊन जेवढा राहतो तेवढा) खुर्ची मागे कलवून बसला, की पुढचे पाय हवेत. त्याचा भार मागच्या सांध्यापासून साधारण २० सें.मी. पुढे पडतो. म्हणजे १३०० किलो-सें.मी.चा मोमेंट, दोन सांध्यांत वाटला तर प्रत्येकी ६५०. पट्टीची उंची ५ सें.मी. असेल तर तिची खालची कड पायात रुतते आणि वरची कड बाहेर ओढली जाते. या दोन बलांमधलं अंतर फार तर साडेतीन सें.मी. आता ६५० ला साडेतीनने भागा. सुमारे १८५ किलो! पासष्ट किलोचा पोरगा निवांत झुलतोय आणि आत टेननच्या गोंदावर १८५ किलोची ओढ बसतेय, तीही दिवसातून पन्नास वेळा. हिशेब ढोबळ आहे, पण पट्टी पाचाऐवजी सात सें.मी. उंच घेतली किंवा खाली एक आडवी पट्टी टाकली तर काय फरक पडेल ते ज्याचं त्याने करून बघावं. सेकंड इयरच्या स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये हे सगळं येऊन जातं.

आणि माझा मुद्दा हाच आहे. हे येऊन जातं, पण खुर्चीपर्यंत पोचत नाही. आपण चार वर्षं क्रँकशाफ्ट, गिअर, बीम, कॉलम शिकतो. ज्या वस्तूवर बसून ते शिकतो तिच्याबद्दल एक ओळ अभ्यासक्रमात नाही. फर्निचरची रचना करणं आणि ते स्वतःच्या हाताने बनवणं हा उच्च शिक्षणाचा विषय आहे, पूर्ण विषय आहे, आणि तो शिकवायला इंजिनियरिंग कॉलेजइतकी योग्य जागा आपल्याकडे दुसरी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मत मेसमध्ये मांडलं की समोरून एकच वाक्य येतं. "मग काय, सुतार व्हायचं का?" आणि टेबलावर हशा.

त्या हशाकडे मी नंतर वळतो. आधी आत्ता आपल्याला काय मिळतं ते बघू. २०१८ साली एआयसीटीईने जो नमुना अभ्यासक्रम काढला, त्यात वर्कशॉपच्या प्रात्यक्षिकाला एकूण ६० तास आहेत. मशीन शॉपला १०, फिटिंगला ८, वेल्डिंगला ८, कास्टिंगला ८, आणि कारपेंट्रीला ६. सहा तास! सहा तासांत करवत सरळ चालवायलासुद्धा येत नाही, सांधा तर लांबच. म्हणून काय होतं हे सांगायची गरज नाही, प्रत्येक बॅचने ते केलंय. तुकडे आधीच मापात कापून मिळतात, वर्कशॉपचे काका मार्किंग करून देतात, आपण रंधा दोनदा फिरवतो, पटाशीने खाच काढताना एक कोपरा उडवतो, काका तो फेव्हिकॉल आणि भुसा भरून बुजवतात, आपण पॉलिश पेपर मारतो आणि रोल नंबर टाकून जॉब सबमिट. जर्नलमध्ये मात्र डव्हटेलची आकृती अगदी सुबक. डव्हटेल तिरका का कापायचा, तो ड्रॉवरच्या कोणत्या कोपऱ्यात वापरायचा, ओढल्यावर तो घट्ट का होतो, हे व्हायवाला कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

आता तर ऐकतोय की पुढच्या वर्षी कारपेंट्री शॉप उठवून तिथे लेझर कटर आणि थ्री-डी प्रिंटरची लॅब करायची आहे. लेझर कटर यायला माझी काहीच हरकत नाही, स्वागतच आहे. पण त्याच्यासाठी रंध्याची बेंच भंगारात काढायची कशाला? लेझर प्लाय कापेल, त्या प्लायचे थर कोणत्या दिशेने ठेवायचे ते लेझर सांगणार नाही.

आता त्या हशाबद्दल. आपल्या गावगाड्यात सुतार हा बलुतेदार. नांगर, मोट, बैलगाडी, घराची तुळई, पाळणा आणि तिरडीचे बांबूसुद्धा त्याच्याच वाटेने. ज्ञान घरात, बापाकडून मुलाकडे, आणि मोबदला सुगीला धान्याच्या रूपात. लिहिणारा वर्ग वेगळा, लाकूड तासणारा वर्ग वेगळा. स्वातंत्र्यानंतर संस्था निघाल्या त्यातसुद्धा ही भिंत तशीच राहिली, फक्त तिला प्रवेशपरीक्षांचा रंग लागला. आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा ट्रेड, तिथे हत्यार हातात पण डिझाइनचा निर्णय नाही. दुसऱ्या टोकाला डिझाइनच्या नामांकित संस्था, जिथे फीचे आकडे बघूनच आपल्यातले अर्धे परततात. आणि मध्ये आपण, ज्यांना मोमेंट काढता येतो पण खिळा सरळ मारता येत नाही.

याचा परिणाम कोणत्याही नव्या फ्लॅटमध्ये जाऊन बघा. इंटिरियरवाला संगणकावर चकाचक चित्र देतो. प्रत्यक्ष साइटवर राजस्थान किंवा उत्तर प्रदेशातून आलेला कारागीर ते चित्र बघून ठरवतो की हे उभं कसं राहणार. सांधा, आधार, बिजागरी कुठे, सगळं त्याच्या डोक्यातून. त्याचं नाव कुठेच नसतं. चित्र काढणाऱ्याला सांध्याचं ज्ञान नाही, आणि सांधा करणाऱ्याला "हे असं नको, असं करू" म्हणायचा अधिकार नाही. मग प्लायला प्लाय, फेव्हिकॉल, वरून खिळे, त्यावर सनमायका आणि पाच वर्षांनी परत नवीन.

हाताने काम करणं हेच शिक्षणाचं माध्यम असावं, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली ती याच पायावर. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे पोरं वेल्डिंग, बांधकाम, शेती करत करत विज्ञान शिकली. पण आपण हे सगळं शाळा सोडलेल्या मुलांसाठी, खेड्यासाठी म्हणून बाजूला काढून ठेवलं. हुशार मुलाने हात घाण करायचे नसतात, ही समजूत डिग्रीच्या वर्गात अजून ठाण मांडून आहे.

बाहेर हे कसं झालं ते बघण्यासारखं आहे. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या रॉयल अकादमीत १९२४ साली कारे क्लिंट नावाच्या माणसाने फर्निचरचं स्वतंत्र शिक्षण सुरू केलं. अकादमी म्हणजे चित्रकार-शिल्पकार-वास्तुविशारदांची, तिथे खुर्ची हा विषय! क्लिंटची पद्धत आपल्याला फार जवळची वाटेल. त्याने विद्यार्थ्यांच्या हातात आधी मोजपट्टी दिली. जुन्या उत्तम खुर्च्या मोजा, माणसाचं शरीर मोजा, आणि कपाट करायचं असेल तर त्यात जे ठेवायचं ते मोजा. घरात ताटं-चमचे किती, शर्ट घडी घातल्यावर केवढा होतो, त्यावरून खणाची खोली ठरवायची.

आता आपल्या हॉस्टेलचं कपाट आठवा. त्यात बादली मावत नाही. सूटकेस मावत नाही. ड्राफ्टर तिरपा घातला तर दार लागत नाही. ब्लँकेट कोंबलं की दुसऱ्या दिवशी दार आपोआप उघडतं. ज्याने ते कपाट ठरवलं त्याने हॉस्टेलच्या पोराचं सामान एकदा जरी जमिनीवर पसरून मोजलं असतं तरी हे झालं नसतं. माझ्या मते फर्निचरच्या अभ्यासक्रमाचा पहिला धडा हाच असावा. वीस खोल्यांतलं सामान मोजा आणि तक्ता करा. (मुलींच्या हॉस्टेलचा तक्ता त्यांनीच करावा, रेक्टर मॅडम आम्हाला गेटच्या आत येऊ देणार नाहीत.)

डेन्मार्कमध्ये याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती. कोपनहेगनच्या फर्निचर कारागिरांच्या संघाने १९२७ पासून १९६६ पर्यंत दरवर्षी प्रदर्शन भरवलं, आणि त्यात रचनाकार आणि कारागीर यांची जोडी जमवून नव्या वस्तू मांडल्या. एकाचं रेखाटन, दुसऱ्याचा हात, आणि दोघांचंही नाव. हान्स वेग्नर, ज्याच्या खुर्च्या आज जगभर माहीत आहेत, तो चांभाराचा मुलगा. तो किशोरवयात सुताराकडे उमेदवारीला लागला, कारागीर झाला आणि मग कलाशाळेत गेला. आपल्याकडे अशा मुलाला शाळेच्या कोणत्या दारातून आत घेतलं असतं, याचा विचार करा. त्याने १९४९ साली रचलेली 'विशबोन' खुर्ची १९५० पासून आजतागायत बनतेय.

आणि ज्यांना वाटतं की हा सगळा कलाकारांचा प्रांत आहे, त्यांनी थोनेटची १४ नंबरची खुर्ची बघावी. १८५९ सालची. बीच लाकडाच्या काठ्या वाफेवर मऊ करून वाकवलेल्या. अख्खी खुर्ची म्हणजे लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटी करून भरली तर एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत आणि जहाजाने कुठेही जात. प्रॉडक्शन, लॉजिस्टिक्स, असेंब्ली, सगळं त्यात आहे. आपल्या इंडस्ट्रियल इंजिनियरिंगच्या पेपरात हे उदाहरण का नाही, हे मला कळलेलं नाही. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात कार्ल एकेलमन यांनी कित्येक वर्षं फर्निचरच्या सांध्यांच्या ताकदीवरच संशोधन केलं. आपण ट्रसचे मेंबर सोडवतो तशा त्यांनी खुर्चीच्या फ्रेम सोडवल्या. पोलंडमध्ये पोझ्नानच्या विद्यापीठात लाकूड तंत्रज्ञानाचा विभाग आहे, आणि पोलंड हा जगातल्या मोठ्या फर्निचर निर्यातदारांपैकी एक आहे.

आपल्याकडे काहीच झालं नाही असंही नाही. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स यांनी सरकारला 'इंडिया रिपोर्ट' दिला आणि त्यातून १९६१ साली अहमदाबादची एनआयडी उभी राहिली. तिथे फर्निचर हा विषय सुरुवातीपासून जोरात होता, गजानन उपाध्याय यांच्यासारख्या शिक्षकांनी तो वाढवला. मुंबईच्या आयआयटीत १९६९ साली इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झालं. ते सुरू करणारे प्रा. सुधाकर नाडकर्णी जे.जे.त शिकलेले आणि पुढे जर्मनीत उल्मला गेलेले. म्हणजे इंजिनियरिंगच्या आवारात डिझाइन चालतं, हे पन्नास वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय. ज्यांना पुढे या वाटेने जायचंय त्यांनी लक्षात ठेवा, आयआयटीच्या एम.डेस.साठी सीड परीक्षा असते आणि एनआयडीची स्वतःची वेगळी. बी.ई. झालेल्यांना दोन्ही देता येतात.

जॉर्ज नाकाशिमाची गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण त्यात हॉस्टेल आहे. हा जपानी वंशाचा अमेरिकन माणूस एमआयटीतून वास्तुशास्त्र शिकलेला. १९३७ साली तो पाँडिचेरीला आला, अरविंद आश्रमाची 'गोलकोंड' ही इमारत बांधायला. गोलकोंड म्हणजे साधकांची राहायची जागा, आपल्या भाषेत हॉस्टेलच! काँक्रीटची इमारत, हवा खेळावी म्हणून खिडक्यांच्या जागी आडव्या हलत्या पट्ट्या, आणि आतलं साधं सागवानी फर्निचरही त्यानेच रचलेलं. पुढे अमेरिकेत परतल्यावर दुसऱ्या महायुद्धात तिथल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, तसं यालाही डांबलं. त्या छावणीत एका जपानी सुताराच्या हाताखाली एमआयटीचा हा पदवीधर खऱ्या अर्थाने लाकूड शिकला. १९६४ साली तो पुन्हा भारतात आला, एनआयडीत काम करायला. आर्किटेक्टची डिग्री असलेला माणूस सुताराचा शिष्य होतो, यात त्याला काही कमीपणा वाटला नाही. आपल्या मेसमध्ये कोणी हसलं असतं का? बहुतेक हसलंच असतं.

चंदीगडची गोष्ट याच्या उलटी आहे. नवं शहर उभं राहताना, १९५० च्या दशकात, तिथल्या कचेऱ्या, कॉलेजं, विद्यापीठ यांच्यासाठी पिएर जानरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सागवान आणि वेताच्या खुर्च्या रचल्या, स्थानिक सुतारांनी त्या हजारोंनी बनवल्या. पाय उलट्या 'व्ही'सारखे. आता वरचा १८५ किलोचा हिशेब आठवा. चौकोनी चौकट बाजूने ढकलली की सांध्यावर पिरगळते, त्रिकोण तसा पिरगळत नाही. ती 'व्ही' दिसायला छान आहे आणि कामालाही आहे. पण पुढे वेत तुटला, पॉलिश गेलं, आणि खुर्च्या गच्चीवर ढिगात गेल्या. डेड स्टॉक रजिस्टरमधून निर्लेखन होऊन भंगाराच्या भावात लिलावात निघाल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या आणि युरोप-अमेरिकेत त्यांतल्या काही लाखो रुपयांना विकल्या गेल्या. २०११ साली केंद्र सरकारला आदेश काढून ही विक्री थांबवावी लागली. इतकी वर्षं त्या खुर्च्यांवर बसून परीक्षा दिलेल्या हजारो लोकांत, ही वस्तू वाचवण्यासारखी आहे हे ओळखणारा डोळा फारसा कोणाकडे नव्हता. तो डोळा शिकवावा लागतो. म्हणूनही हा विषय हवा.

बरं, लाकूड हे मटेरियल म्हणून किती अवघड आहे हे आपल्या मटेरियल सायन्सच्या पुस्तकात अर्ध्या पानात उरकलंय. स्टीलला दिशा नसते असं आपण धरून चालतो, लाकडाला ती असतेच. रेषेच्या दिशेने ते जवळजवळ हलत नाही, आडवं मात्र हवेतल्या ओलाव्याबरोबर फुगतं आणि आकसतं. त्यातही वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच त्रिज्येच्या दिशेने. चाळीस सें.मी. रुंदीची सागाची फळी एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत तीन-चार मिलिमीटर सहज वाढू शकते. हॉस्टेलचा ड्रॉवर जुलैत अडकतो आणि मार्चमध्ये खुळखुळतो, त्याचं कारण हे. आपल्या मानक ब्युरोच्या आय.एस. २८७ मध्ये हवेच्या दमटपणानुसार देशाचे विभाग पाडून लाकडात किती ओलावा चालेल ते दिलेलं आहे. रत्नागिरीसाठी वेगळं आणि जालन्यासाठी वेगळं, हे उघड आहे. जुन्या वाड्यांच्या दारांत चौकटीच्या खाचेत फळी मोकळी बसवलेली असते, खिळा किंवा गोंद न लावता. ती बिचारी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि दार तसंच राहतं. एक्स्पान्शन जॉइंट म्हणून सिव्हिलवाले जे शिकतात तेच हे.

मापांचंही तसंच. खुर्चीची बैठक ४५ सें.मी. आणि टेबल ७५, हे आकडे कुठून आले हे कोणी विचारत नाही. एनआयडीच्या देबकुमार चक्रबर्ती यांनी भारतीय माणसांच्या शरीराची मापं गोळा करून १९९७ साली पुस्तक काढलं. आपल्या लायब्ररीत ते असायला हवं, मी शोधलं तर नव्हतं. बुटक्या माणसाचे पाय खुर्चीवरून लोंबकळतात, मांडीखाली कड रुतते, आणि आपण म्हणतो अभ्यासात लक्ष लागत नाही. शिवाय आपण मुळात खाली बसणारी माणसं. पाट, चौरंग, फडताळ, दिवाणजींचा उतरता डेस्क, माजघरातला झोपाळा, ही आपली वस्तुसंपत्ती. हॉस्टेलमध्ये निम्मी पोरं अजून कॉटवर मांडी घालून, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप ठेवून अभ्यास करतात. त्यांच्यासाठी वस्तू कोणी रचली? बाजारात पत्र्याच्या घडीच्या पायांचं छोटं टेबल मिळतं, ते आठवड्यात डुगडुगतं. हा प्रश्न कोपनहेगनमध्ये सुटणार नाही, तो इथेच सोडवावा लागेल.

आता आक्षेप. पहिला, प्लेसमेंट. "कोण घेणार रे तुला खुर्चीवर?" माझं म्हणणं असं, की सगळ्यांनी फर्निचरवाले व्हावं असं मी म्हणतच नाही. पण हा धंदा काही छोटा नाही. मॉड्युलर किचन, ऑफिसच्या खुर्च्या, हॉस्पिटलचे बेड, शाळेचे बाक, यांच्यामागे डिझाइन, टेस्टिंग, प्रॉडक्शन, क्वालिटी असं सगळं आहे. विक्रोळीच्या गोदरेजने कपाटं बनवायला सुरुवात केली १९२३ साली, ते इंजिनियरिंगच आहे की! २०२२ मध्ये मानक ब्युरोने ऑफिसची खुर्ची, साधी खुर्ची, टेबल, कपाट, पलंग यांची वेगवेगळी मानकं काढली, बंक बेडचंसुद्धा. त्या मानकांप्रमाणे चाचणी करायची तर भार लावणारी यंत्रं आणि ती समजणारी माणसं लागणार. आपल्या टेस्टिंग लॅबमधलं यूटीएम वर्षातून दोनदा सळई तोडायला वापरतात. एरवी त्यावर कव्हर.

दुसरा आक्षेप पर्यावरणाचा, झाडं तोडायची का? हा मला खरा वाटतो, आणि म्हणूनच शिकायला हवं. चाळीस वर्षं टिकणारी खुर्ची आणि चार वर्षांत ढिगात जाणारी खुर्ची यांत झाड कोण वाचवतं? आपल्याकडे आलापल्ली-बल्लारशाचा साग आहे, बांबू आहे, बाभूळ आहे, आंबा आहे. पाडलेल्या इमारतींचं जुनं सागवान पुण्यात टिंबर मार्केटला मिळतं, त्यावर रंधा मारला की आतून सोन्यासारखं निघतं.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो कार्यालयातून येतो. वर्कशॉप महाग, जागा खाते, एका वेळी वीसच मुलं, अपघाताची जबाबदारी. साठ जणांच्या वर्गात प्रोजेक्टर लावून शिकवण्यापेक्षा हे महाग आहे, हे कबूल. इंग्लंडमध्ये जॉन मेकपीसने १९७७ साली पार्नहॅम हाउसमध्ये लाकूडकामाची शाळा काढली, रचना, निर्मिती आणि धंदा तिन्ही एकत्र शिकवणारी. फार नावाजली, पण तीही कायम टिकली नाही. हाताचं शिक्षण स्वस्त नसतं. मात्र आपल्याकडे बेंच आहेत, बँड सॉ आहे, वुड टर्निंग लेथ आहे. नवं विकत घ्यायचं नाहीये, आहे ते विकायचं नाहीये, एवढंच.

माझी मागणी मोठी नाही. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्ह आणि मायनरला जागा आहे, त्यात 'फर्निचर रचना आणि निर्मिती' हा विषय पाचव्या सेमिस्टरपासून ठेवावा. मेकॅनिकल, सिव्हिल, कॉम्प्युटर, कोणालाही घेता यावा, वीस जणांची बॅच. पहिलं सेमिस्टर फक्त हत्यारं, सांधे आणि लाकूड. पटाशीला धार लावता आली नाही तर पुढे जायचं नाही, मग पॉइंटर कितीही असो. दुसऱ्या सेमिस्टरला प्रत्येकी एक खुर्ची, स्वतः मोजलेली, स्वतः हिशेब केलेली, स्वतः बनवलेली. तिसऱ्यात त्यातल्या दोन यूटीएमवर तोडायच्या आणि बाकीच्या हॉस्टेलमध्ये वापरायला द्यायच्या. झुलणारी पोरं आहेतच. वर्षाने परत आणून कोणता सांधा सैल झाला ते बघायचं. परीक्षक बाहेरचा असावा आणि तो सुतार असावा, ज्याने आयुष्यभर हे केलंय असा, आणि त्याला मानधन प्राध्यापकाइतकंच द्यावं. या शेवटच्या कलमावर नियमांची अडचण येईल हे मला माहीत आहे. शिकवायला 'मास्टर क्राफ्ट्समन' नेमता येईल अशी सोय काढा, नाहीतर गेस्ट लेक्चरर म्हणून बोलवा, पण 'पात्रता: एम.ई. फर्स्ट क्लास' एवढ्यावर हा विषय अडू देऊ नका.

आणि घाई आहे ती एका कारणासाठी. कारपेंट्रीचे काका येत्या मे महिन्यात रिटायर होतायत. त्यांच्या जागी नवी भरती होणार नाही असं ऑफिसमधून कळतं. फळी हातात घेऊन नुसता टिचकीचा आवाज ऐकून ती ओली की सुकी सांगणारा माणूस आपल्या कॅम्पसवर तो एकच आहे. फायनल इयरच्या आम्ही सात जणांनी शनिवारी दुपारी त्यांच्याकडे बसायला सुरुवात केली आहे, सबमिशन नाही, मार्क नाहीत. सध्या गाडी धार लावण्यावर आहे. बोर्ड ऑफ स्टडीजची बैठक मार्चमध्ये असते. ज्यांना अर्जावर सही करायची आहे त्यांनी शनिवारी तीननंतर शॉपमध्ये यावं, येताना पायात चप्पल नको, बूट घाला.